नोंद क्रमांक एकेचाळीस

"पाप काय होतं ते कळल्याशिवाय क्षमा करता येणार नाही," उजागरे गुरुजी म्हणाले आणि टॉवेलात गुंडाळलेले रजिस्टर त्यांनी माझ्यापुढे टेबलावर ठेवले. "चर्च कमिटीचं त्यावर एकमत झालंय."

"आणि कळल्यावर करता येईल?"

"कळल्यावर विचार करता येईल."

शेजारच्या खुर्चीत बसलेले पाळक, रेव्हरंड सुखानंद आढाव, बशीतल्या चहाकडे त्यात काहीतरी पडल्यासारखे निरखून पाहू लागले. ते आंबेलोणला बदलून येऊन दीड वर्ष झाले होते. पाळक बदलतात, कमिटी बदलत नाही, हे ज्ञान त्यांना पहिल्या सहा महिन्यांतच झाले असावे.

ही गोष्ट १९९६च्या फेब्रुवारीतली. तो गुरुवार होता आणि त्यांना रविवारच्या आत निकाल हवा होता. मी तेव्हा पुण्यात, संशयास्पद कागदपत्रांची तपासणी करणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करत असे. खाडाखोड केलेली मृत्युपत्रे, धुऊन पुन्हा लिहिलेली खरेदीखते माझ्याकडे येत. पुसलेले अक्षर वाचून दाखवणे हाच माझा व्यवसाय. आंबेलोण हे माझे जन्मगाव. आई अजून तिथेच राहत होती. तिने पत्रात लिहिले होते, 'येताना तुझा तो जांभळा दिवा घेऊन ये, चर्चला हवा आहे.' मला वाटले, नाताळची रोषणाई अजून उतरवलेली नाही.

माझा बाप्तिस्मा इतरांच्या इच्छेने झाला होता आणि एकोणिसाव्या वर्षी मी प्रभुभोजनाला, चर्चमधल्या भाकरी-द्राक्षरसाच्या विधीला, बसणे सोडले ते स्वतःच्या इच्छेने. त्याबद्दल आमच्या चर्चच्या मंडळीने माझ्यावर कधी कारवाई केली नाही. अविश्वासासाठी त्या रजिस्टरात रकाना नव्हता.

रकाने पाच होते: क्रमांक, नाव, अपराध, ठराव आणि शेरा. मंडळीचे हे शिस्तीचे रजिस्टर मिशनच्या काळात सुरू झाले. दारू पिणे, बायकोला मारणे, देवऋष्याकडे जाणे, खोटी साक्ष देणे अशी कृत्ये त्यात नोंदवली जात आणि कृत्य करणाऱ्यास प्रभुभोजनापासून दूर ठेवले जाई. ते वर्षानुवर्षे कुणी उघडले नव्हते, आणि सात-आठ वर्षांपूर्वी कपाटावरचे कौल फुटून ते भिजले होते. आता पानापानावर फिकट निळे डाग होते आणि डागांच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेले क्रमांक आणि नावे शाबूत होती. गुरुजींनी खूण घातलेले पान उघडले. 'क्र. ४१. सगुणाबाई साळवे. १९५८.' पुढे सगळे कोरे.

"सगुणाबाईंनी अर्ज केलाय," आढाव म्हणाले. "सोमवारी नगरला त्यांचं पोटाचं ऑपरेशन आहे. त्याआधी, या रविवारी, त्यांना प्रभुभोजन घ्यायचंय. डॉक्टर पन्नास टक्के म्हणाले."

"डॉक्टरांना माहीत नसलं की ते पन्नास टक्के म्हणतात," मी म्हटले. "त्यांनाच का विचारत नाही, अपराध काय होता ते?"

"विचारलं," गुरुजी म्हणाले. "म्हणतात, कमिटीपुढं एकदा सांगितलंय, पुन्हा पुन्हा म्हणायला ते काय पाढे आहेत? ती कमिटी आता मातीत गेली. मी स्वतः तेव्हा ट्रेनिंग कॉलेजला नगरला होतो. आम्हांला काहीही माहीत नाही, मृदुला. ज्या गोष्टीची माहिती नाही तिच्यावर ठराव कसा करायचा? उद्या कुणी विचारलं, की तुम्ही कशाची क्षमा केलीत, तर काय सांगू?"

यात कुत्सितपणा नव्हता. शांतवन उजागरे हे गृहस्थ कुत्सित नव्हतेच. ते काटेकोर होते. सातवीपर्यंत आम्हांला शास्त्र त्यांनीच शिकवले. निरीक्षण आधी आणि निष्कर्ष नंतर, हे मी प्रथम त्यांच्या तोंडून ऐकले, आणि माझी भाकरी त्याच वाक्यावर चालली होती.

ते शाळेच्या सभेला निघून गेल्यावर मी आढावांना विचारले, "रविवारी उपदेश कशावर आहे?"

"नव्या करारावर." ते ओशाळल्यासारखे हसले. "आधीच ठरलेला होता, ताई. जुना करार दगडी पाट्यांवरचा. पाळला तर आशीर्वाद, मोडला तर शासन. लोकांनी तो मोडला. मग देवानं संदेष्ट्याच्या तोंडून सांगितलं, मी नवा करार करीन, तो माणसांच्या हृदयावर लिहीन, आणि त्यांची पापं पुन्हा मनात आणणार नाही. ख्रिस्तानं शेवटच्या रात्री प्याला हातात घेतला आणि म्हणाला, तो करार हाच, माझ्या रक्तानं केलेला. आपण दर महिन्याला घेतो तो त्याच कराराचा पेला."

"करारात दुसऱ्या पक्षानं काय द्यायचं असतं?"

"काही नाही. घ्यायचं असतं."

"आमच्याकडे असा करार तपासायला आला, तर पहिला संशय बनावटपणाचा घेतला जाईल."

"पुष्कळांना तसंच वाटतं," ते म्हणाले. "म्हणून तर दर वर्षी यावर बोलावं लागतं."

"देव पापं मनात आणत नाही. मग हे काय आहे?" मी रजिस्टरावर बोट ठेवले.

"ते देवाचं नाही," आढाव म्हणाले. "ते मंडळीचं आहे."

सगुणाबाई साळवे मिशनच्या दवाखान्यात चाळीस वर्षे दाई होती. आंबेलोणच्या निम्म्या ख्रिस्ती वस्तीला तिने जगात आणले. त्यात मीही होते. मी तिला मावशी म्हणत असे. माझ्या लहानपणी महिन्याच्या पहिल्या रविवारी एक गोष्ट नेमाने घडे. उपदेश संपला, मेजावरचे पांढरे कापड उचलले, की शेवटच्या बाकावरून सगुणामावशी उठे, पदर सारखा करी आणि बाहेर जाऊन बुचाच्या झाडाखाली उभी राही. प्रभुभोजन झाले की बाजूच्या दाराने परत येऊन रिकामे पेले गोळा करी. कारण पेले तीच धूत असे. एवढेच नव्हे, तर प्रभुभोजनाचा रसही तीच करी. शनिवारी काळ्या मनुका कोमट पाण्यात भिजवायच्या, कुस्करायच्या, मलमलीतून दोनदा गाळायच्या. दुसऱ्या कुणी केला तर तो आंबे. शिस्तीखाली असलेल्या व्यक्तीने रस पिऊ नये असे मंडळीच्या घटनेत स्पष्ट आहे; तिने तो करू नये असे कुठेही म्हटलेले नाही.

तिने काय केले होते याविषयी गावात चार आख्यायिका होत्या. त्या एकमेकींशी जुळत नव्हत्या आणि चारींचेही सांगणारे प्रत्यक्षदर्शी होते.

शुक्रवारी सकाळी मी तिच्याकडे गेले तेव्हा ती दारात सुपात मनुका निवडत बसली होती. खूप वाळली होती. पोट तेवढे पुढे आले होते.

"ये," ती म्हणाली. "दिवा आणलास म्हनं. मेलेलं अक्षर उठवतीस."

"मावशी, ते वाचायला तुमची हरकत आहे का?"

तिने मनुकेचा देठ खुडून बाजूला टाकला. "अडतीस वर्षांत माझी हरकत इचारणारी तू पयली."

"मग? आहे?"

"हाय की. कुणाला नसंल?" ती सुपाकडेच पाहत होती. "पर तू न वाचशील तर मला आत घेणार न्हाईत. आन वाचशील तर रविवारच्या आत समद्या आळीला कळंल. झालेलं मूल उलटं धरून दाखवत्यात तसं मला दाखवतील. मी काय करू सांग. तू शिकलेली हाईस."

"तुम्ही न घेता ऑपरेशनला गेलात तर?"

"जाईन की. डॉक्टर काय पेला बघून भूल देत न्हाई." पुढची मनुका उचलून ती म्हणाली, "पोरी, मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरात शिरले ते दार वाजवून. त्याच्याकडं जाताना अशी कुंपनावरून उडी मारून जाऊ वाटत न्हाई. बोलावलं म्हनून गेले असं पायजे. तुला हे पटायचं न्हाई."

"मला ते समजतंय," मी म्हटले. पटत नव्हते, ते सांगण्याची गरज नव्हती.

"वाच मग," ती म्हणाली. "वाचून एकाच माणसाला सांग. बाकीच्यांना तो सांगंल."

शनिवारी सकाळी नऊ वाजता मी चर्चच्या मागच्या खोलीची खिडकी जाजमाने बंद केली, दाराच्या फटीत पोते कोंबले आणि दिवा लावला. १९५८ साली सरकारी आणि मिशनच्या दप्तरात निळी-काळी शाई वापरत. तिच्यात दोन गोष्टी असतात: लिहिताना अक्षर दिसावे म्हणून घातलेला निळा रंग, आणि कागदात मुरून काळे पडणारे लोह. पाण्याने निळा रंग वाहून गेला होता. लोह जागेवर होते. जंबुपार, म्हणजे अतिनील, प्रकाशात जुना कागद स्वतःच उजळतो. जिथे लोह असते तिथे उजळत नाही. लोहाला विसरता येत नाही.

अक्षरे एकदम वर आली. अपराधाच्या रकान्यात साडेतीन ओळी होत्या. वाचायला मला चाळीस सेकंद लागले. मी पुन्हा वाचल्या, कारण दोनदा वाचण्याची पद्धत आहे. गावातल्या चार आख्यायिकांपैकी एकही खरी नव्हती.

मग मी दिवा उजवीकडे, शेऱ्याच्या रकान्यावर नेला. तिथे काही असेल अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती, मलाही नव्हती. तिथे दुसऱ्या हाताने, गोल, शाळामास्तरी अक्षरात लिहिले होते:

'७ ऑगस्ट १९६०. कमिटीने एकमताने शिस्त मागे घेतली. सगुणाबाई साळवे यांस प्रभुभोजनास बसण्यास मोकळीक. संबंधितांस कळवावे. जबाबदारी: शां. मा. उजागरे, चिटणीस.'

मी दिवा बंद करून अंधारात बसले. एक साधे गणित केले. छत्तीस वर्षांपैकी पहिले काही महिने सोडले, तरी चारशेहून अधिक पहिले रविवार.

आता माझ्याकडे दोन निष्कर्ष होते. एक त्या बाईला आत नेत होता. दुसऱ्याची कुणालाही गरज उरली नव्हती, कारण ज्या अपराधाची क्षमा होऊन गेली तो पुन्हा तपासण्याचे कारण नव्हते. पण गरज नसलेली निरीक्षणे गाळायची नसतात. ती गाळणाऱ्या तज्ज्ञांविरुद्ध मी न्यायालयात तीनदा साक्ष दिलेली आहे.

फिल्मच्या पाकिटातला काळा कागद काढून मी त्याची एक पट्टी कापली आणि अपराधाच्या रकान्यावर ठेवली. मग दार उघडून गुरुजींना आणि आढावांना आत बोलावले.

गुरुजींनी चष्मा बदलला आणि पानावर वाकले. ते मोठ्याने वाचत असत. शिक्षकांना ती सवय असते. "एकमताने शिस्त मागे," त्यांनी वाचले. "मोकळीक." त्यांचा स्वर चढला, त्यांना आनंद झाला होता, हे मी मुद्दाम नोंदवते. "संबंधितांस कळवावे. जबाबदारी..."

पुढचे त्यांनी वाचले नाही. आढावांनी खांद्यावरून पाहून ते मनात वाचले असावे.

"हे माझं अक्षर आहे," गुरुजी म्हणाले.

"हो."

"मी कळवलं नाही."

"तुम्हांला आठवतंय?"

"नाही. काहीच आठवत नाही. तेच तर." त्यांनी टेबलाची कड धरली. "साठ सालचा ऑगस्ट. माझं लग्न ठरत होतं तेव्हा. पाळकसाहेबांची बदली झाली होती त्याच महिन्यात. बाकीच्यांना वाटलं असेल, मी कळवलंय आणि बाई रुसून बाहेर उभ्या राहतायत. आणि मला वाटत राहिलं, की त्या शिस्तीखाली आहेत."

आढावांचा चेहरा दिव्याच्या प्रकाशात विलक्षण उजळला होता. "म्हणजे क्षमा होऊन गेली होती," ते म्हणाले. "सगळं होऊन गेलं होतं, आणि त्या बाहेर उभ्या. ताई, नवा करार म्हणजे अगदी हेच आहे. माणूस असाच उभा असतो, त्याला ठाऊकच नसतं की आत... गुरुजी, उद्या उपदेशात हा दृष्टांत..."

"साहेब," गुरुजी म्हणाले, "त्या दृष्टांत नाहीत. बाई आहेत."

आढाव बाहेर गेले. प्रार्थना करायला, की ओशाळून, ते मला सांगता येणार नाही.

गुरुजी पुन्हा पानावर वाकले. "या काळ्या पट्टीखाली काय आहे?"

"अपराधाचा रकाना."

"वाचता आला?"

"नाही."

परीक्षा घेताना विचारत तसे, एकेक प्रश्न वेगळा करून त्यांनी विचारले, "शाई एकाच प्रकारची आहे?"

"हो."

"पाणी एकाच वेळी पडलं?"

"हो."

"कागद एकच?"

"एकच."

"आणि एक रकाना वाचता येतो आणि त्याच ओळीतला दुसरा येत नाही."

"नाही येत, गुरुजी."

त्यांनी पट्टीच्या कडेवर तर्जनी ठेवली. पट्टी चिकटवलेली नव्हती. ती सरकवायला श्वासाइतका जोर पुरला असता, आणि दिवा चालू होता.

"सातवीत तू असं उत्तर दिलं असतंस," ते म्हणाले, "तर तुला बाकावर उभं केलं असतं."

"ठाऊक आहे मला."

त्यांनी बोट उचलले. "तसं लिहून दे. कमिटीसाठी. सही करून."

मी लिहून दिले: 'नोंद क्र. ४१. शेरा: सुवाच्य. अपराध: अवाचनीय.' खाली पदवी, हुद्दा आणि सही. माझ्या कारकिर्दीत मी दिलेला तो एकमेव खोटा अहवाल. माझ्या खऱ्या अहवालांवर वकिलांनी दोन-दोन दिवस उलटतपासणी केली आहे. हा अहवाल त्याच संध्याकाळी कमिटीच्या सात सदस्यांनी, ज्यांना पुराव्याशिवाय क्षमा करता येत नव्हती, विनाप्रश्न स्वीकारला.

पण ते संध्याकाळचे. दुपारी गुरुजी म्हणाले, "कळवायचं राहिलंय ते कळवून येतो. तू चल बरोबर. मी मध्येच थांबलो तर पुढचं तू सांग."

सगुणामावशी परातीत मनुका कुस्करत होती. कोपरापर्यंत हात काळे-जांभळे झाले होते. गुरुजींना पाहून तिने उठायचा प्रयत्न केला.

"बसा, सगुणाबाई," ते म्हणाले आणि उभेच राहिले. मग त्यांनी सभेत ठराव वाचावा तसे सांगितले: तारीख, ठराव, जबाबदारी, नाव. मध्ये थांबले नाहीत. मला काही बोलावे लागले नाही.

तिचे हात परातीत तसेच होते.

"कोणतं साल म्हणालात?"

"साठ."

"साठ." ती हिशेब करत नव्हती, नुसती त्या सालाकडे पाहत होती. "तवा माझा प्रकाश चार वर्षांचा व्हता. इचारायचा, आई, तू उन्हात का उभी राहतीस. मी म्हनायची, आत गरम व्हतं."

गुरुजींनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"म्हंजी मी उगंच उभी व्हते."

"हो."

"छत्तीस वर्षं."

"हो."

"एकदा लई पाऊस आला व्हता. तुम्ही आतून छत्री पाठवली व्हती माझ्यासाठी. काळी, मोठ्या मुठीची."

"असेल."

"असेल न्हाई, पाठवली व्हती. छत्रीची आठवण राहिली तुम्हांला." तिने मूठभर मनुका दाबल्या. "निरोपाची न्हाई."

ते वाक्य तिने आवाज न चढवता म्हटले. गुरुजींनी ते घेतले. मी न्यायालयात शिक्षा ऐकणारी माणसे पाहिली आहेत. त्यातली बहुतेक कारणे सांगतात.

"मी उद्या आत बसणार नाही," ते अखेरीस म्हणाले. "ते योग्य होणार नाही. मी बाहेर उभा राहीन."

"आन ट्रे कोण फिरवणार? आढावसायबांचे हात बघितलेत? मागल्या बारीला दोन पेले सांडले, डाग मी काढले." तिने परात गुडघ्याजवळ ओढली. "तुमची शिस्त तुम्ही घरी पाळा. उद्याला आत थांबा. जा आता, मला गाळायचंय."

रविवारी मी तिच्या शेजारी, शेवटच्या बाकावर बसले. आढावांचा उपदेश बरा झाला. दगडी पाट्या, हृदय, प्याला, सगळे क्रमाने आले, आणि दृष्टांत त्यांनी एका शेळ्या राखणाऱ्याचा दिला, जो कुणालाच लागू पडला नाही. मग मेजावरचे कापड उचलले गेले, आणि सगुणामावशी उठली.

सवयीने उठली. पदर सारखा केला, पाऊल दाराकडे वळले, आणि तिथे तिच्या लक्षात आले. सगळे चर्च मान वळवून पाहत होते. बसावे की जावे हे तिला कळेना. अडतीस वर्षांत त्या क्षणी बसायचे कसे असते ते ती विसरली होती.

प्रभुभोजनाचा ट्रे नेहमी पुढच्या बाकापासून मागे येतो. गुरुजींनी मेजावरून ट्रे उचलला, पुढचे सगळे बाक ओलांडले आणि थेट शेवटच्या बाकापाशी आले. बारीक काचपेले एकमेकांवर आपटून आवाज करत होते.

"सगुणाबाई, बसा," ते हळू म्हणाले. "तुम्हांला बोलावलंय."

ती बसली. पेला घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"तुम्ही घ्या आधी," ती म्हणाली.

"मी नको."

"माझ्या हातचं हाय. घ्या. मग मी घेते."

मागच्या चार बाकांना हे ऐकू गेले. आढाव मेजापाशी प्रार्थनेचे शब्द धरून उभे होते आणि कुठे सुरू करावे ते त्यांना समजत नव्हते. गुरुजींनी एका हाताने ट्रे सावरत दुसऱ्या हाताने पेला उचलला. दोघांनी बरोबरच घेतला. नंतर ट्रे माझ्यापुढे आला आणि मी तो, नेहमीप्रमाणे, पुढे सरकवला. त्या पेल्यांत काळ्या मनुकांचा रस होता. साखर, आम्ल, पाणी. एवढेच मी खात्रीने सांगू शकते.

उपासना संपल्यावर ती मागच्या नळावर पेले धुवायला बसली. मी विसळून दिलेले पेले फडक्यावर उलटे मांडू लागले.

"माझ्या अपराधाचं वाचलंस तू," ती म्हणाली. प्रश्न नव्हता.

"वाचता येत नव्हतं, मावशी. अहवालात लिहिलंय तसं."

"चाळीस वर्षं दवाखान्यात काढली मी. पेशंटला खोटं सांगताना डॉक्टरणीचं तोंड कसं व्हतं ते मला ठावं हाय." तिने एक पेला उजेडाकडे धरून पाहिला. "मी काय केलं ते मला म्हाईत हाय. त्यांनी काय लिवलं ते मला कुणी वाचून दाखवलं न्हाई. तेवढं सांग."

मी तिच्या हातातून पेला घेतला. साडेतीन ओळी माझ्यापुढे स्पष्ट होत्या, विरामचिन्हांसकट. त्यात एक विशेषण होते. ते लिहिणाऱ्याला टाळता आले असते.

"नाही वाचता आलं," मी म्हटले.

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिले, मग नळ बंद केला.

"बरं," ती म्हणाली. "देवानं तर ध्यानात न ठेवायचं कबूलच केलंय. गुरुजींना म्हाईत न्हाई. तुला वाचता आलं न्हाई. म्हंजी आता ते माझ्या एकटीच्याच डोक्यावर ऱ्हायलं." आणि ती हसली; पोट धरून, दुखत असताना हसतात तशी. "निदान वाटून तरी घेत व्हते लोक आतापतुर."

सोमवारी शस्त्रक्रिया झाली. सगुणामावशी त्यानंतर नऊ वर्षे जगली. ते रविवारच्या पेल्यामुळे, असे आंबेलोणच्या मंडळीत मानले जाते. गाठ साधी होती, असे पॅथॉलॉजीच्या अहवालात आहे. तो अहवाल मी पाहिला आहे आणि तो खरा आहे.

देवाला विसरता येते की नाही, याविषयी माझ्याकडे पुरावा नाही. मला येत नाही. त्या डोक्यावरच्या ओझ्याला नळापाशी आम्ही दोघी होतो, हे मी तिला शेवटपर्यंत सांगितले नाही. आता मी एकटी आहे. ओळी मला आजही शब्दशः आठवतात, त्या विशेषणासह, आणि त्या मी इथे लिहिलेल्या नाहीत.